यादीतला शेवटचा रकाना

महाळुंग्याला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे नेमकं काय, असं आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, "कुणाला लागू नये, कुणी भाजू नये, हे बघायचं." तिला ते फार आवडलं. गावात ती सांगते, "माझा पोरगा कंपनीत माणसं सांभाळतो."

ज्या बाईबद्दल मी लिहितो आहे, तिला मी सांभाळलं नाही. तिचं गाव आणि तिच्या कामाचं टेबल मी इथे बदललं आहे. एवढी अक्कल तेव्हा असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे दरवर्षी कामगारांची एक यादी तयार होते. नाव, रक्तगट, राहण्याचा पत्ता, काही झालं तर घरी कुणाला कळवायचं त्याचा फोन, आणि शेवटी आजार किंवा चालू औषधं. मी येण्याआधी ही यादी नावापुरतीच होती. फोनच्या जागी जुने बंद नंबर, आजाराच्या जागी सगळ्यांचं "नाही". मला ते बघवेना.

त्याला कारण आहे. मी तालुक्याच्या गावच्या शाळेत शिकलो. घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. आमचे एक सर शिष्यवृत्तीचे फॉर्म आमच्याकडून स्वतः बसून भरून घ्यायचे. त्यांचं एकच सांगणं असायचं, एकही रकाना मोकळा सोडायचा नाही; मोकळा सोडला की फॉर्म परत येतो. त्यांच्यामुळे माझा एकही फॉर्म परत आला नाही. वसतिगृह मिळालं, पदवी झाली, सुरक्षेचा डिप्लोमा झाला, आज पिंपळे सौदागरला भाड्याच्या का होईना, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतो. हे सगळं नीट भरलेल्या फॉर्मांनी दिलं, असंच मी मानत आलो. त्यामुळे भरलेला रकाना मला चांगुलपणाचा वाटतो आणि मोकळा रकाना आळसाचा.

म्हणून त्या वर्षी मी स्वतः वही घेऊन एकेका मशीनपाशी गेलो. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत. लोकांनी थट्टा केली. "सर, जनगणना आली का?" "लिहा राव, आजार एकच, सासुरवाडी." पण हळूहळू खरं सांगू लागले. प्रेसवरच्या एका भाऊंनी दम्याचा पंप खिशातून काढून दाखवला. एकाने साखर आहे म्हणून सांगितलं, घरी कळू देऊ नका म्हणाला. मला बरं वाटत होतं. लोक आपल्यावर विश्वास टाकतायत, हे मला माझ्या कामाचं प्रशस्तिपत्र वाटत होतं.

त्या ताई तपासणीच्या टेबलावर होत्या. तयार भाग हातात घेऊन कडा बघायच्या, धारदार राहिलेला बाजूला काढायचा. कॉन्ट्रॅक्टरकडून आलेल्या, मराठवाड्याकडच्या, नवरा वारलेला. कमी बोलायच्या. बाकीचा फॉर्म पटापट सांगितला आणि शेवटच्या रकान्याशी थांबल्या.

"सर, हे कोण बघणार?"

"मी आणि कंपनीचे डॉक्टर. माझ्या कपाटातून बाहेर जाणार नाही."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला ते एचआयव्ही आहे. नवऱ्यापासून आलेलं. गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट चांगला येतोय. सांगायचं नव्हतं बघा. पण इथं बोट कापतंय कधी कधी. तुम्ही रक्त पुसायला धावत येता, म्हणून. हातमोजे घालून येत जा, एवढंच."

मी मान डोलावली. त्यांनीच सुचवलं, "तसंच लिहा की. 'हातमोजे घाला' म्हणून."

इथे मी पहिली चूक केली. मी म्हणालो, "ताई, डॉक्टरांना नीट कळायला हवं. अर्धवट लिहून चालत नाही." आणि आजाराचं नाव पूर्ण लिहिलं. खरं तर आम्हाला शिकवलेलं असतं की रक्त कुणाचंही असो, हातमोजे घालायचेच. त्या रकान्यात काहीच लिहायची गरज नव्हती. त्या बाईंना माझ्या हाताची काळजी वाटली, आणि मला रकान्याची.

संध्याकाळी सगळी वही मी कॉम्प्युटरवर चढवली. तीच फाइल फोनमध्येही ठेवली, कारण कुठे आग लागली तर कपाटापर्यंत कोण जाणार, हा विचार. तो विचार आजही मला चुकीचा वाटत नाही.

काही महिन्यांनी दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या एका कारखान्यात टाकीत काहीतरी चुकीचं मिसळलं गेलं. भिंतीपलीकडून पिवळट धूर आला. शिफ्ट बदलायची वेळ, म्हणजे जाणारे आणि येणारे असे दोन्हीकडचे लोक आवारात.

"राव, डोळे चुरचुरायला लागले. शेजारी कांदे कापतायत काय?"

"कांदे न्हाई भावा, ॲसिड हाय. तोंडाला रुमाल लाव आन् चल."

सायरन वाजला. सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला, मागच्या मैदानात जमले. मी हजेरी घेत होतो. तेवढ्यात प्रेसवरचे ते दम्याचे भाऊ खाली बसले. पंप लॉकरमध्ये राहिला होता. मी फोन उघडला, त्यांच्या नावापुढचं औषध बघितलं, फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवलं. रुग्णवाहिका आली ती योग्य तयारीनेच आली. ते भाऊ आज कामावर आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण यादी बनवणंच चूक होतं असं म्हणून मला सुटता येत नाही.

हजेरीत दोघे कमी भरत होते. ते मागच्या गेटबाहेरच्या टपरीवर सापडले. धूर दिसल्यावर आतच आले नव्हते. "सर, आमची हजेरी इथंच लावा, चहा पिऊन आलो," असं त्यांनी हसत सांगितलं आणि लोकही हसले. धूर विरत आला होता. अग्निशमनवाल्यांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आमच्या बाजूने सगळं संपलं होतं.

राहिले होते फोन. धुराचे व्हिडिओ गावोगाव पोचले होते. मैदानात प्रत्येकाचा फोन वाजत होता, कुणाचा लागत नव्हता, कुणाचा लॉकरमध्ये होता. गेटवर बायका येऊन थांबल्या होत्या. प्लांट हेड माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"प्रत्येकाच्या घरी निरोप गेला पाहिजे. पंधरा मिनिटांत. जमेल?"

"जमेल सर."

आमच्याकडे बसच्या प्रत्येक मार्गाचा एक प्रमुख असतो, त्या बसमधून येणारा एखादा जुना कामगार. या प्रमुखांचा एक ग्रुप आहे. बसला उशीर होणार असेल तर कळावं म्हणून त्यात बसमालकही आहेत. प्रत्येक प्रमुखाने आपापल्या बसमधल्या लोकांच्या घरी फोन करायचे, असं मी ठरवलं. कल्पना चांगली होती. त्यासाठी त्यांना नाव आणि घरचा फोन, एवढंच हवं होतं.

मी फाइल निवडली. आणि त्या क्षणी मला शेवटचा रकाना आठवला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं की घाईत झालं, लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. फोनवरही तो रकाना पुसता आला असता, दोन-तीन मिनिटं लागली असती. प्लांट हेड माझ्या हाताकडे बघत होते. आपण फोनशी खुडबुड करतोय, आपल्याला जमत नाहीये, असं त्यांना वाटेल, याची मला लाज वाटली. मी फाइल पाठवली. खाली लिहिलं, "फक्त घरी फोन करण्यासाठी वापरावी."

"शाब्बास," ते म्हणाले.

पंधरा मिनिटांच्या आत निरोप गेले. अर्ध्या तासाने मी ती फाइल ग्रुपमधून काढून टाकली. तोवर ती कितीजणांच्या फोनमध्ये उतरली होती, ते मला कळायचा मार्ग नव्हता.

चौथ्या दिवशी एका बसचे प्रमुख माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लोटून म्हणाले, "सर, तुमच्या त्या यादीनं घोळ झालाय." त्यांच्या बसमध्ये त्या ताईंच्या शेजारची जागा रिकामी जाऊ लागली होती. लोक उभे राहून प्रवास करत होते, पण तिथे बसत नव्हते. मी तपासणीच्या टेबलाकडे गेलो. पाच जणींचे डबे एका बाजूला, एक डबा खिडकीच्या कट्ट्यावर.

मला बघून ताई हातातला भाग ठेवून उठल्या.

"सर, ती यादी तुमच्या कपाटात होती ना?"

"ताई, त्या दिवशी गडबडीत चुकून..."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला बसल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आणि मला बरं वाटावं ही त्यांची जबाबदारी नव्हती.

हे सगळं मला नवीन नव्हतं, हेच जास्त लागतं. शाळेत शिष्यवृत्ती आली की कारकून व्हरांड्यात उभे राहून नावं वाचायचे, प्रत्येक नावापुढे जातीचा प्रवर्गही. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, यादीत जे लिहिलंय ते वाचायचे. तोवर माझ्या डब्यातलं खाणारे दोन मित्र त्या दिवसापासून घरूनच जेवून येऊ लागले. मी तेव्हा सहावीत होतो. शिष्यवृत्तीबद्दल मी कृतज्ञ होतो, आजही आहे. पण यादी मोठ्याने वाचली जाते तेव्हा मान कुठे घालावी, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ती पाठवली.

मी प्लांट हेड साहेबांना सांगितलं, पूर्ण फाइल गेली म्हणून. ते म्हणाले, "इमर्जन्सीत असं होतं. तू कशाला मनावर घेतोस? लोकांना जरा समजावून सांग." मी समजावून सांगायचं ठरवलं. हा आजार कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, यावर जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ध्या तासाचं व्याख्यान ठेवलं. कुणाचं नाव घेतलं नाही. शेजारी बसल्याने पसरत नाही, डब्याने पसरत नाही, संडासाने पसरत नाही, असं एकेक सांगत गेलो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या माना एका खुर्चीकडे वळत गेल्या. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. ताई शेवटपर्यंत बसून राहिल्या. उठून गेल्या असत्या तर तेही दिसलं असतं.

त्या राहायच्या ती खोली बसच्या मार्गावर, कंपनीपासून चार-पाच किलोमीटरवर होती. खोलीचे मालक म्हणजे आमच्या दोन बसचेही मालक, जुन्या गावातले. ते त्या ग्रुपमध्ये होतेच. त्यांनी खोली सोडायला सांगितल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात खुर्ची दिली, चहा आला.

"साहेब, आमी वाईट मान्सं न्हाई. बाई लई सरळ हाय, कधी चढा आवाज न्हाई तिचा. पण नळ एक, संडास एक. आमच्या घरात पोरीबाळी हायेत."

"अण्णा, नळाने नाही पसरत. मी शिकलोय हे."

"व्हय, व्हय. तुमी शिकलेले."

"मग राहू द्या ना त्यांना."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमाला ठावंच नव्हतं तोवर राहिलीच की तीन वर्सं. कदी काय इचारलं का? आमाला कुनी सांगितलं? तुमीच ना? आन् आता तुमीच म्हन्ता, माहीत नसल्यागत करा."

मी चहा संपवून निघालो. ताईंची खोली मागच्या बाजूला होती. दाराला कुलूप होतं. त्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. कंपनीतही मग आल्या नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने दुसरी बाई पाठवली. हजेरीच्या यादीत त्यांच्या जागी तिचं नाव लागलं, इतकं सहज.

सुरक्षा सप्ताहात मला स्टेजवर बोलावलं. आपत्कालीन परिस्थितीत तत्परतेने संपर्क साधल्याबद्दल प्रशस्तिपत्र. मी ते घेतलं. फोटोत मी हसतो आहे. आईने तो फोटो शेजाऱ्यांना दाखवला.

त्यानंतर मला झोप लागेना वगैरे असं काही झालं नाही. लागत होती. पण माफी मागायला हवी, हे डोक्यात बसलं. त्यांचा फोन बंद होता. मग मी कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातल्या ओळखीच्या क्लार्ककडे गेलो. त्या आता त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून दुसरीकडे पॅकिंगच्या कामाला लागल्या होत्या, म्हणजे त्यांचा नवा पत्ता त्याच्याकडे असणार.

"असा पत्ता देता येत नाही भावा," तो म्हणाला.

"महत्त्वाचं आहे. त्यांच्याच भल्याचं आहे."

"तुला म्हणून देतो हां," असं म्हणत त्याने फाइल काढली आणि पत्ता माझ्या फोनवर पाठवला. मी त्याचे आभार मानले. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. इतकं सगळं होऊनही खटकलं नाही.

रविवारी सकाळी मी रहाटणीला गेलो. माझ्या घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. सफरचंदं घेतली होती. एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सामाईक गॅलरी होती, तिथे ताई आणि शेजारची एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये एकच परात होती. ताई कशाला तरी हसत होत्या. त्यांना हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मला बघितलं आणि हसू गेलं.

"कोण गं?" शेजारणीने विचारलं.

मी तोंड उघडणार, इतक्यात ताई म्हणाल्या, "रेशनकार्डाचं विचारायला आलेत. मागं अर्ज केला होता ना." आणि उठून माझ्याकडे आल्या. पाठ शेजारणीकडे, आवाज अगदी खाली.

"पत्ता कुणी दिला?"

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणीही मागितला तर मिळतोय."

"ताई, मला माफी मागायची होती. त्या दिवशी मला आठवलं होतं. रकाना. मी मुद्दाम..."

"हळू बोला."

मग त्याच म्हणाल्या, "इथं कुणाला काही ठाऊक नाही. त्या कंपनीत होते हेसुद्धा सांगितलेलं नाही. तुमचं मन हलकं करायला तुम्ही इथवर आलात, सर. मला आता नवीन खोली बघायला लावू नका."

"काय गं, काय म्हणतायत?" शेजारण परात बाजूला सारून उठू लागली. "दादा, आमच्या कार्डाचं पण बघा की! दोन वर्षं झाली, सुनेचं नाव चढंना."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आणि ती करावी लागल्याचा रागही. मी सफरचंदांची पिशवी पाठीमागे धरली, खिशातून पेन आणि किराण्याच्या यादीचा कागद काढला आणि जरा मोठ्याने विचारलं, "घरात किती जण राहतात?"

"एकटीच," ताई म्हणाल्या.

मी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. शेजारणीला म्हणालो, "मावशी, तुमचं काम दुसऱ्या साहेबांकडे आहे. तलाठ्याच्या, म्हणजे पुरवठा ऑफिसात जा." मला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात," आणि पुन्हा परातीपाशी बसल्या. ताई आत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं पुढे ढकललं. लावलं असतं तर मावशींना विचित्र वाटलं असतं.

मी जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर आधी फोनमधून तो पत्ता काढून टाकला. पण इमारत मला आता पाठ आहे, आणि ते पुसायची काही सोय नाही. मी त्या रस्त्याने जात नाही.

सोमवारी क्लार्ककडे जाऊन सांगावं असं मनात होतं, की बाबा रे, त्या बाईंचा पत्ता यापुढे कुणालाही देऊ नकोस, मलाही नाही. त्याच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. आत आणखी तिघे बसले होते. सांगायचं तर ताईंचं नाव घ्यावं लागलं असतं. नाव घेतलं की कुणीतरी विचारणारच, का, काय विशेष? न सांगितलं तर तो पत्ता उद्या दुसऱ्या कुणाला, त्यांच्याच भल्यासाठी, दिला जाईल.

"काय भावा, काही काम होतं?" त्याने आतून विचारलं.

"नाही, सहजच," म्हणालो आणि परत फिरलो.